दीड फुटांचा कठडा

मधुमालती सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी मी कसा झालो, याची हकीकत फार लांबलचक नाही. निवडणुकीच्या सभेला मी गेलो नव्हतो. जे गेले होते, ते वाचले.

आमची इमारत पनवेलच्या जुन्या गावात आहे. तीन मजले, अठरा बिऱ्हाडं आणि गच्चीवर गळणारी एक टाकी. तिथे पूर्वी भाताची गिरणी होती. बिल्डरने गिरणी पाडली, तिच्यातलं विकण्याजोगं होतं ते विकलं आणि उरलेलं आमच्या फाटकाशेजारच्या तिकोनी तुकड्यावर आणून टाकलं. "आठ दिवसांत उचलतो," असं तो नव्वदच्या दिवाळीत म्हणाला होता. ब्याण्णवचा मार्च उजाडला तोवर त्याने स्वतःचं चंबूगबाळं उचललं होतं. ढीग तसाच होता.

ढिगात काय नव्हतं? जोत्याचे काळे घडीव दगड, सागवानी फळ्या, बिडाची चाकं, मंगलोरी कौलांचे तुकडे. शेजारी एक भेंडाचं झाड होतं. ते गिरणीच्याही आधीचं असल्यामुळे कुणाच्या परवानगीने उभं नव्हतं. त्याच्या सावलीत ठमाबाई भाजीची पाटी घेऊन बसायची. शिरढोणच्या बाजूने सकाळच्या एसटीने यायची, भाजी संपली की जायची. इमारतीतली अठराच्या अठरा बिऱ्हाडं तिच्याकडून भाजी घेत, आणि ती तिथे बसते याबद्दल अठराच्या अठरा बिऱ्हाडांची तक्रार असे.

तक्रारींचं नेतृत्व कमळाकर वैशंपायन करत. ते संस्थेचे अध्यक्ष. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, दादरची दोन खोल्यांची जागा सोडून पनवेलला तीन खोल्यांत आलेले. दादर सुटल्याचं दुःख ते संस्थेच्या कारभारातून व्यक्त करत. त्यांचा ब्लॉक तळमजल्यावर, खिडकी बरोबर कोपऱ्यासमोर. म्हणजे ठमाबाई त्यांना दिवसभर दिसे. ती बसल्याबसल्या त्यांच्या खिडकीतून रेडिओवरच्या बातम्या ऐके आणि मध्येच मोठ्याने शेरा मारी. त्याचं त्यांना जास्त लागत असावं.

मार्चमध्ये ढिगात साप निघाला. वैशंपायनांनी मला लगेच फळ्यावर सूचना लिहायला लावली. सभासदांनी सापापासून सावध राहावे. ठमाबाई फळ्याखाली उभी राहून म्हणाली, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"साप कुटला? धामण हाय ती. उंदीर खाते. कुनाला काय करत नाय बिचारी." मग खिडकीकडे बघून, "सूचना पन लिवत नाय."

त्याच संध्याकाळी सॉलकाका माझ्याकडे आले.

सॉल दिवेकर मागच्या गल्लीत राहत. वय सहासष्ट, अंगकाठी शिडशिडीत, शर्टाच्या खिशात कायम घडीची फूटपट्टी. गिरणीचं इंजिन त्यांनी एकतीस वर्षं चालवलं होतं. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांचे नळ तेच दुरुस्त करत. बाकीच्या निम्म्यांचे नळ गळत.

चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "अविनाश, तो ढीग मला द्या."

"न्या की. संस्था तुमचा सत्कार करील."

"न्यायचा नाहीये. तिथल्या तिथे लावायचाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या पत्नी रूबी सिस्टर. दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केलेल्या, अर्धं पनवेल त्यांच्या हातावर जन्मलेलं. तीस वर्षं उभं राहून गुडघे गेले होते. चालायच्या, पण दोनशे-अडीचशे पावलांनंतर बसावंच लागे. दिवेकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या सिनेगॉगला ते मशीदच म्हणतात. घरापासून मशीद पाचशे पावलं. शनिवारी आणि सणाला वाहनात बसायचं नाही, त्यामुळे रिक्षा नाही. जायचं तर पायी. आणि घर ते मशीद या वाटेवर बरोबर मध्यावर गिरणीची रुंद पायरी होती. तिथे सिस्टर पाच मिनिटं टेकायच्या आणि पुढे जायच्या.

"पायरी गेली," सॉलकाका म्हणाले. "तुमची इमारत आली."

यात आरोप नव्हता. इंजिनाचा कुठला भाग गेला आणि कुठला आला, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"मग आता सिस्टर जातात कशा?"

"जात नाही. दोन नव्याचे सण झाले, तिने शोफार ऐकला नाही." शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग. त्यांच्या नवीन वर्षाच्या सणाला ते मशिदीत फुंकतात. "आमचा मुलगा इथन इस्रायलमधून, अश्दोदहून पत्रावर पत्र पाठवतोय. या इकडे, म्हणतो. इथे जिना उतरला की सिनेगॉग आहे. रूबी म्हणते, मशिदीतच जाता येत नसेल तर पनवेलात राहून करायचं काय? सप्टेंबरातल्या सणापर्यंत बघू. जमलं तर जमलं. नाहीतर त्याला हो म्हणून कळवू."

"आणि तुम्ही?"

"मला पनवेलबाहेर झोप येत नाही. एकदा पुण्याला गेलो होतो."

"म्हणजे सॉलकाका, तुम्हाला त्या कोपऱ्यावर एक बाक हवाय."

"हो."

"तो मिळायचा नाही."

हे मी अनुभवाने म्हणालो. मागच्याच वर्षी नीता कारखानीस यांनी सासऱ्यांच्या नावाने फाटकाशी बाक द्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा सभेत वैशंपायन म्हणाले होते, "बाक ठेवला की लोक बसतील."

"बाक त्याचसाठी असतो, भाऊ," नीताबाई म्हणाल्या होत्या.

"तेच मी म्हणतोय!" वैशंपायन कडाडले होते. बाक नामंजूर झाला. सासऱ्यांच्या नावाने मग जिन्यात एक घड्याळ लागलं. ते बंद असतं. त्याने कुणी बसत नाही.

सॉलकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्या लोकांना काय नकोय, ते ठरलेलं आहे."

"पक्कं."

"आणि हवंय काय?"

दीड वर्षात अकरा सभा झाल्या होत्या. हा विषय कुठल्याच सभेत निघाला नव्हता.

"मग मी विचारून बघतो," ते म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतून पिऊन गेले.

पुढच्या रविवारी कमिटीची सभा वैशंपायनांच्या हॉलमध्ये भरली. सॉलकाका दारातच, चपला काढून, फूटपट्टी हातात घेऊन उभे. मी विषय वाचला. फाटकाजवळील ढीग हलवून त्या जागी बाग करणे व बाहेरील इसमांस बसण्यास प्रतिबंध व्हावा म्हणून भोवती कठडा बांधणे. काम श्री. दिवेकर विनामूल्य करतील.

"विनामूल्य?" वैशंपायनांनी चष्मा काढला. "फुकट काम करणाऱ्या माणसाचा काहीतरी हेतू असतो."

हे त्यांचं त्या वर्षातलं एकमेव अचूक निदान होतं. पण सापाची भीती मोठी होती, म्हणून ते पुढे म्हणाले, "असो. कठडा असावा. मात्र माझ्या खिडकीवर येता कामा नये. खाडीवरून संध्याकाळी तेवढी एक झुळूक येते."

"किती उंच चालेल, साहेब?" सॉलकाकांनी विचारलं.

"दीड फूट. त्याच्या वर एक इंच नको. ठरावात घ्या, सेक्रेटरी."

मी घेतलं.

"कारखानीसबाई, तुम्हाला काय हवंय?" सॉलकाकांनी विचारलं.

नीताबाई गांगरल्या. त्यांना हा प्रश्न लग्नानंतर प्रथमच कुणी विचारला असावा. "मला?... म्हणजे, माझ्या कुंड्या गॅलरीत मावत नाहीत हो. कठड्यावर ठेवता आल्या तर... पण दोन ओळी मावतील एवढा रुंद हवा. आणि वर दगड नको. दगड तापतो, मुळं भाजून निघतात. लाकूड चालेल."

"सागवान आहे. गिरणीचंच आहे," सॉलकाका म्हणाले. "रुंदी दोन फूट करू. नाडकर्णीसाहेब?"

गुरुदत्त नाडकर्णी आमचे खजिनदार. त्यांच्या आयुष्यात दोन निष्ठा होत्या, पत्नी आणि स्कूटर. क्रम प्रसंगानुसार बदले. "हे बघा दिवेकर, स्कूटर मी त्या झाडाखाली लावतो. कठड्याला कोपरे नकोत. रंगाला चरे पडतात. कडा गोल करा, चांगल्या गुळगुळीत. आणि साखळी अडकवायला एखादी मूठ लावा. भक्कम. माणूस लोंबकळला तरी हलता कामा नये."

"माणूस लोंबकळला तरी," सॉलकाकांनी मान डोलावली. "किती उंचीवर?"

"हाताशी येईल अशी."

"पाणी साचायला नको हं वर," नीताबाईंना आता जोर चढला होता. "किंचित उतार द्या. आणि खाली चिखल नको, कौलांचे तुकडे बसवा."

"आणि झाडाची फांदी तोडायची नाही," नाडकर्णी म्हणाले. "सावली हवी. सीट तापते."

"मात्र बसायला मनाई!" वैशंपायनांनी टेबलावर हात आपटला.

"एकमताने?" मी विचारलं.

एकमताने.

घरी येऊन मी ठराव टाइप केला. टाइप करताना माणूस काय लिहितोय ते सहसा वाचत नाही. मी त्या दिवशी वाचलं. जमिनीपासून दीड फूट. दोन फूट रुंद. वर सागवानी फळी, कडा गोल, किंचित उतार. हाताला येईल अशी मूठ. पायाखाली फरशी, डोक्यावर सावली. मी टाइपरायटरवरची बोटं उचलली आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो. तीन माणसांनी आपापल्या सोयीच्या अटी घातल्या होत्या, आणि कुणीही बसू नये म्हणून रायगड जिल्ह्यातला सगळ्यात आरामशीर बाक एकमताने मंजूर केला होता.

सेक्रेटरीने स्वतःचं मत मांडू नये, असं म्हणतात. तो नियम मी त्या दिवशी प्रथमच पाळला. कागदावर अध्यक्षांची सही घेतली.

एप्रिल-मे सॉलकाका त्या कोपऱ्यावर होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात ओळंबा. ढीग त्यांनी आधी निवडला, तांदूळ निवडावेत तसा. जोत्याचे दगड एकीकडे, कौलं एकीकडे, बीड एकीकडे. प्रत्येक दगड उलटा करून बघत आणि त्याच्याशी काहीतरी बोलत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "हा इंजिनाखालचा. एकतीस वर्षं हादरे खाल्लेत यानं. याला आता जरा शांत जागा देऊ."

दगडांचा कठडा इंग्रजी 'एल'सारखा वळत गेला, मध्ये मातीची जागा ठेवून. मातीत काय लावायचं, यावर नीताबाईंनी पुस्तकातून गुलाबाच्या सात जाती काढल्या. ठमाबाई पाटीपाशी बसून ऐकत होती.

"गुलाब लावा," ती म्हणाली. "बकऱ्या लय आवडीनं खातात."

"मग काय लावू म्हणतेस?"

"तगर लावा, कन्हेर लावा. बकरी तोंड नाय लावत. कडंला अबोली. मी आनते उद्या फांद्या. पैशे नको, पन पानी तुमी घालायचं. आमचा नळ नाय इथं."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच फांद्या घेऊन आली. नीताबाईंनी पुस्तक मिटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दगडकाम संपलं. फळ्या पावसाळ्यानंतर बसवू, असं सॉलकाका म्हणाले. तोवर त्या घरी नेऊन रंधा मारत राहिले. वैशंपायन शिंप्याची टेप घेऊन कठडा तपासायला उतरले. फाटकाच्या आतून मोजलं. पंधरा इंच, वर फळीचा एक धरून सोळा. "नियमात आहे," ते म्हणाले आणि वहीत लिहून गेले. ते गेल्यावर मी सहज रस्त्याच्या बाजूने मोजलं. आमच्या फाटकाकडून जमीन रस्त्याकडे तीन इंच उतरते. बाहेरून भरले अठरा, फळी धरून एकोणीस.

मी सॉलकाकांकडे बघितलं. ते बिडाचं चाक घासत होते.

"गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोळा इंचांवरून उठवत नाही," ते खाली बघूनच म्हणाले. "एकोणीस लागतात. मी घरी पाटावर पाट ठेवून रूबीला बसवून मोजलंय."

"पण ठरावात दीड फूट..."

"कुठल्या बाजूनं, ते कुठाय?"

ते नव्हतं. ठराव मीच लिहिला होता.

गणपती गेले आणि फळ्या बसल्या. तीन महिने रंधा आणि तेल खाऊन सागवान असं झालं होतं की हात फिरवल्याशिवाय पुढे जाववत नसे. रस्त्याच्या बाजूला, झाडाच्या बुंध्याजवळ, गिरणीच्या चाकाचा अर्धा भाग उभा रोवलेला. ही नाडकर्णींची मूठ. स्कूटरची साखळी तिला लागत होती. आणि माणूस बसला तर उजव्या हाताशी येत होती.

पहिल्या दिवशी नीताबाईंनी दोन कुंड्या आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईने त्यातली एक चार बोटं सरकवली आणि बसली. पाटी पुढ्यात, पाठ आमच्या इमारतीकडे. बातम्या लागल्या. ती पाय लांब करून म्हणाली, "हां! आता नीट आयकाय येतं."

वैशंपायन खिडकीत आले. त्यांनी ठमाबाईकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, आणि सहा महिन्यांपूर्वी स्वतः सही केलेला कागद त्यांच्या डोळ्यांपुढून एकेका कलमाने सरकला असावा. कारण चेहऱ्याचा रंग तेवढ्या वेळा बदलला.

दुपारी मला बोलावणं आलं.

"सेक्रेटरी, हा बाक आहे."

"कठडा आहे, साहेब. ठरावाप्रमाणे."

"तो दिवेकर बदमाष आहे!"

"त्यांनी तुम्ही सांगितलेल्यातलं काही वगळलंय का?"

वैशंपायनांनी ठराव वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. मग म्हणाले, "विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. येत्या रविवारी. विषय एकच, कठडा पाडणे."

रविवार म्हणजे वीस सप्टेंबर. नव्याचा सण अठ्ठावीसला होता. मी सॉलकाकांना सांगायला गेलो, तर रूबी सिस्टर दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. गोऱ्या, जाड चष्म्याच्या, आवाजात दवाखान्याचा दरारा. त्यांनी कठडा अजून बघितला नव्हता. सणाच्या दिवशीच बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"पाडणार म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"सभा आहे, सिस्टर."

"मग काही होत नाही म्हणा," सॉलकाका हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. टेबलावरच्या निळ्या एअर लेटरकडे बोट करून म्हणाल्या, "अविनाश, हे कोरं आहे. इथनला काय लिहायचं ते तुमचे अठरा जण ठरवणार. लवकर ठरवा म्हणावं. माझी बांधाबांध आहे."

आमच्या संस्थेत गणपूर्ती कधी झाली नव्हती. पद्धत अशी की सहा वाजता सभा बोलवायची, सहाला तीनच माणसं यायची, मग सभा अर्धा तास तहकूब करायची. साडेसहाला त्याच तीन माणसांनी गणपूर्तीच्या अटीशिवाय काय वाटेल ते मंजूर करायचं. वैशंपायनांचा सारा राज्यकारभार त्या अर्ध्या तासावर उभा होता.

सहा वाजता आम्ही तिघं तळमजल्याच्या पार्किंगमध्ये जमलो. वैशंपायन, नाडकर्णी आणि मी. सभा तहकूब. वैशंपायनांनी घड्याळ लावलं. सहा दहाला वीज गेली.

सप्टेंबरातला उकाडा, पंखे बंद. अठराच्या अठरा बिऱ्हाडांची दारं उघडली आणि माणसं वारा शोधत खाली यायला लागली. वारा होता तो कोपऱ्यावर, वैशंपायनांची खाडीवरची ती झुळूक. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरची दोघं येऊन कठड्यावर टेकली. मग नीताबाई वाटाण्याच्या शेंगा घेऊन उतरल्या आणि सोलायला बसल्या. मग आणखी. आतल्या बाजूने बसणारे इमारतीकडे तोंड करून बसले, कोण येतंय ते दिसावं म्हणून. बाहेरच्या बाजूने बसणारे रस्त्याकडे. दोन फूट रुंदीत पाठीला पाठ लागत नव्हती. दोन वर्षांत एकमेकांना जिन्यात फक्त "पाणी आलं का?" एवढंच विचारणारी माणसं निवांत बोलत होती.

साडेसहाला पार्किंगमध्ये आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनाशी झाली. नाडकर्णी म्हणाले, "अध्यक्षमहाराज, इथे घाम येतोय. सभा बाहेर घेऊ या का?"

वैशंपायन बाहेर आले आणि थबकले. मी मोजलं. सोळा सभासद.

"साहेब," मी म्हणालो, "गणपूर्ती झालीय."

हा शब्द त्यांनी आयुष्यभर कागदावर वाचला होता; प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. त्यांना जरा गरगरल्यासारखं झालं. नीताबाई चटकन सरकल्या. "बसा, भाऊ, बसा इथं."

ते बसले. गोल कडेवर हात टेकला गेला, तो तिथेच राहिला. झुळूक आली.

मग त्यांनी घसा साफ केला आणि विषय मांडला. चांगला मांडला, तेही कबूल केलं पाहिजे. बाहेरचे लोक, भाजीवाल्या, रिक्षावाले, दादरला हे चालत नसे, फसवणूक, संस्थेची अब्रू. सगळे वाटाणे सोलत ऐकत होते.

"फसवणूक कुणी केली हो?" अंधारातून नाडकर्णी म्हणाले. "माझ्या स्कूटरला आजवर एक चरा नाही."

"माझ्या कुंड्याही छान आहेत," नीताबाई म्हणाल्या. "ठमाबाई एक सरकवते, संध्याकाळी जागेवर ठेवून जाते. पाणीही घालून ठेवते वर."

"आणि उद्या गावातलं कुणीही येऊन बसलं तर?" वैशंपायनांनी विचारलं.

इथे मी नियम मोडला. मी म्हणालो, "एक माणूस येऊन बसावं म्हणूनच हा बांधलाय." आणि रूबी सिस्टरची गोष्ट सांगितली. पायरी, दोनशे पावलं, शोफार, कोरं पत्र. रंगवून सांगितली नाही. त्याची गरज नव्हती. इमारतीतली निम्मी पोरं गावच्या दवाखान्यात झाली होती आणि सिस्टरनी त्यांच्या आयांना दरडावून कळा द्यायला लावल्या होत्या.

नीताबाईंनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

"ते सगळं ठीक आहे," वैशंपायन म्हणाले, पण आवाजात कडक इस्त्री राहिली नव्हती. "मतदान तर घ्यावंच लागेल. अंधारात हात दिसत नाहीत. तेव्हा, हा कठडा पाडावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं."

मी वही-पेन्सिल घेऊन वाट बघितली. कुणी उठलं नाही. उठायचं म्हणजे ती झुळूक सोडायची, ती फळी सोडायची, आणि परत येईपर्यंत जागा जाणार हे दिसत होतं. कारण दोन सभासद जागा नसल्यामुळे आधीच उभे होते. ते दोघं घाबरून ओरडले, "आम्ही विरोधात नाही हो! आम्हाला जागा नाही!"

"साहेब, तुमचं मत?" मी विचारलं.

वैशंपायनांनी तोंड उघडलं. दोन्ही हात फळीवर टेकून उठायच्या बेतात आले. मग खाडीकडून वाऱ्याची दुसरी झुळूक आली, आणि ते बसूनच म्हणाले, "अध्यक्षाला मत समसमान झाल्यावरच असतं. लिहा. विषय फेटाळला."

वीज नऊला आली. तोवर कुणी वर गेलं नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, मी रजा टाकली. कारण विचारलं तर सांगण्याजोगं काही नव्हतं. सकाळी साडेआठला मी खाली आलो, तर नाडकर्णी स्कूटर झाडाखालून काढून लांब लावत होते. "मूठ मोकळी असलेली बरी," ते पुटपुटले. नीताबाईंच्या कुंड्या जागेवर नव्हत्या. ठमाबाई आपली पाटी घेऊन खाली कौलांच्या फरशीवर बसली होती, आणि तिच्या मागची सगळी फळी रिकामी होती.

"वर बस की गं," मी म्हटलं.

"शिस्टर येतेय ना. माजी तिनी पोरां तिच्या हातची हायेत. आज ती बसंल, मंग मी."

वैशंपायन खिडकीत होते. इस्त्रीचा सदरा घालून. आज रेडिओ बंद होता.

गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसली. सिस्टर पांढऱ्या साडीत, सॉलकाका कोटात, डोक्यावर टोपी. सिस्टरचा डावा हात त्यांच्या दंडावर. चाल मोजून-मापून. नाडकर्णी माझ्या कानाशी पावलं मोजत होते. मी त्यांना गप्प केलं. शेवटच्या वीस-एक पावलांना सिस्टर थांबल्या. चेहरा आवळला गेला. सॉलकाकांनी काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि परत पाय उचलला.

त्या आल्या, वळल्या, आणि बसल्या. एकोणीस इंच. बसताना तोंडातून आवाज आला नाही.

सिस्टरनी फळीवरून हात फिरवला, गोल कडेवरून खाली नेला, मागे तगरीकडे बघितलं, पायाखालची लाल कौलं बघितली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ही भात वर चढवायच्या एलेव्हेटरची फळी ना? तुझं बोट जिच्यात सापडलं होतं ती?"

"तीच," सॉलकाका म्हणाले.

"शाना तोवा, सिस्टर," मी म्हणालो. नव्या वर्षाच्या या शुभेच्छा सॉलकाकांनी आदल्या दिवशी माझ्याकडून दहा वेळा घोकून घेतल्या होत्या.

"उच्चार वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण शाना तोवा." मग खिडकीकडे मान वळवून, "वैशंपायन, तुम्ही आत काय उभे? ब्लड प्रेशर आहे ना तुम्हाला? संध्याकाळी इथे बाहेर येऊन बसत जा. तेवढीच हवा लागेल."

"हो, सिस्टर," वैशंपायन म्हणाले.

पाच मिनिटं झाली असतील. सॉलकाका शेजारी टेकले होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि एक हात खाली इंजिनाखालच्या त्या दगडावर टेकला होता. सिस्टरनी उजव्या हाताने बिडाचं अर्धं चाक धरलं. सॉलकाका डोळे उघडून हात द्यायला पुढे झाले, तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या.

"इथनला काय लिहू?" सॉलकाकांनी घाईघाईने विचारलं.

"लिहू नंतर. सणाचं लिहायचं नसतं." त्यांनी पदर नीट केला. "आणि लिहायचंच तर हे लिही, की पोरांना सुट्टीत घेऊन ये. आम्ही घरीच आहोत."

आणि त्या चालायला लागल्या. उरलेली अडीचशे पावलं मशिदीच्या दिशेने, एकट्या, रस्त्याच्या मधून. समोरून येणाऱ्या रिक्षाने त्यांना बघून वेग कमी केला आणि कडेला थांबून वाट दिली. ठमाबाईने टाळी वाजवली. नाडकर्णी चष्मा पुसत होते. सॉलकाका मात्र अजून कठड्यावरच बसले होते, तोंड उघडं ठेवून. त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"काका," मी म्हटलं, "त्या पुढे गेल्या."

मग टोपी एका हाताने धरून ते पळत सुटले.